बायपासनंतर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, कोणाला असा अनुभव आहे का?

भांडुपकर५६:
नमस्कार मंडळी. बायपास होऊन आज २४ दिवस झाले, तीन ग्राफ्ट (हृदयाला रक्त न्यायच्या नव्या वाटा) टाकलेत. जखम कोरडी आहे, जेवण जातंय, सकाळ-संध्याकाळ गॅलरीत चालतो, डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे. पण झोप नाही म्हणजे नाहीच. दहाला आडवा होतो, बारा वाजता कसाबसा डोळा लागतो आणि दीडला टक्क जाग ती पहाटेपर्यंत. आमचं घर रुळाला लागून, शेवटची लोकल गेली की सगळं एकदम शांत होतं आणि मग मला फक्त माझे ठोके ऐकू येतात, उशीतून, कानात, मी मोजत बसतो. आयुष्यभर डाव्या कुशीवर झोपलो, आता छातीचं हाड तारेने बांधलंय तर पाठीवर झोपायचं, जरा वळलं की कळ येते. बायको खाली गादी टाकून झोपते आणि एक हात वर माझ्या कॉटवर ठेवते, मी हललो की उठून बसते. तिची झोप मोडू नये म्हणून मी तसाच पंख्याकडे बघत पडून राहतो. पाचला नळाला पाणी येतं, ती पिंप भरायला उठते तेव्हा कुठे मला पेंग यायला लागते. मग दुपारी अडीच-तीन तास झोपतो.
शेजारच्या काकांनी त्यांची झोपेची गोळी दिलीय, अर्धी घ्या म्हणाले. अजून घेतली नाही. आणि खरं सांगू का, झोपलो आणि उठलोच नाही तर, अशी भीती वाटते. हे घरी कोणाला बोललो नाही. किती दिवसांनी सुरळीत होतं हे?

लालबागचा_दादा:
दादा, माझी बायपास २०१८ ला झाली, तुम्ही लिहिलंय ते ठोके मोजणं वाचून अंगावर काटा आला कारण मी हेच करायचो. मला जवळजवळ दोन महिने लागले बरं व्हायला, एकदम नाही, आधी तीन तास, मग चार, मध्येच परत एक वाईट रात्र, असं करत करत. दोन गोष्टींचा मला खूप उपयोग झाला. एक म्हणजे सपाट झोपणं सोडलं, पाठीमागे तीन उशा उतरत्या लावल्या, गुडघ्याखाली एक लोड आणि दोन्ही हातांखाली दुमडलेल्या चादरी, हातांना आधार मिळाला की खांदे आणि छाती ओढली जात नाही. दुसरं म्हणजे भिंतीवरचं घड्याळ काढून टाकलं. खोकल्यासाठी छातीला धरायची उशी दिली असेल ना, ती मी रात्रीपण कवटाळून झोपायचो, धीर यायचा.
आणि लघवीची गोळी कधी घेताय ते बघा. माझ्याकडून घरी आल्यावर ती संध्याकाळी घेतली जात होती, रात्री चार वेळा बाथरूम. डॉक्टरांना विचारून सकाळी केली तेव्हा निम्मा प्रश्न सुटला.

परळची_सिस्टर:
मी कार्डियाक आयसीयूत १४ वर्षं काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. काका, आधी ती शेजारची गोळी परत करा, आजच. तुम्हाला ट्रामाडॉलसारखी पेनकिलर चालू असेल तर दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो, शिवाय गुंगीत बाथरूमला उठून पडलात तर ते हाड अजून जुळलेलं नाहीये, त्याला ६ ते ८ आठवडे तरी लागतात, पूर्ण भरायला ३ महिने.
झोप का जाते ते सांगते. आयसीयूत रात्रभर लाइट, मॉनिटरचा आवाज, सारखं बीपी बघणं, शरीराला दिवस कुठला रात्र कुठली ते कळेनासं होतं. ते परत बसवायला सकाळचं ऊन लागतं, सातच्या सुमारास गॅलरीत अर्धा तास बसा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा आणि तीननंतर आडवं व्हायचं नाही, हे जड जाईल पण करा. रात्री वीसेक मिनिटं झोप नाही आली तर पडून राहू नका, उठून खुर्चीत बसा, मंद दिव्यात, मोबाईल नको, पेंग आली की परत कॉटवर. उठताना हातावर जोर द्यायचा नाही, कुशीवर होऊन पाय खाली सोडायचे. पेनकिलर लिहून दिली असेल तर कळ असह्य होण्याची वाट बघू नका, रात्रीचा डोस झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी जमतो का विचारा. मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मात्र स्वतःहून आणू नका, बायपासनंतर ती धोक्याची.
ठोके आणि बीपी आटोक्यात ठेवणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने काहींची झोप मोडते, भयंकर स्वप्नं पडतात. पण ती अचानक बंद करायची नाही हां, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. वहिनींना विचारा की तुम्ही जोरात घोरता का, घोरताना श्वास अडकतो का, तसं असेल तर तेही सांगा.
आडवं झाल्यावर धाप लागून बसावं लागलं, पायावर सूज, एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढलं, ताप, जखमेतून पाणी किंवा छातीत हाड कट्कट वाजणं, यातलं काही झालं तर लगेच हॉस्पिटलला कळवायचं. बसूनही धाप थांबत नसेल तर सरळ १०८.

सुलभा_गिरगाव:
भाऊ, माझ्या यजमानांचं असंच होतं. त्यांनीही ती भीती चार आठवडे मनात ठेवली, मला वाटायचं दुखतंय म्हणून झोपत नाहीत. एका रात्री बोलले आणि रडले. हार्टच्या ऑपरेशननंतर मन खचतं ते पुष्कळ जणांचं, त्यात लाज कसली. वहिनी हात कॉटवर ठेवून झोपतात म्हणजे त्यांनाही तीच भीती आहे. सांगून टाका त्यांना.

भांडुपकर५६:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फॉलोअपला जाऊन आलो, सगळं कागदावर लिहून नेलं होतं. लघवीची गोळी सकाळी केली, पेनकिलर रात्री साडेनऊला, बाकी गोळ्या तशाच. झोपेची गोळी आत्ता नको म्हणाले, दोन आठवड्यांनी बघू. कुशीवर झोपायला अजून बंदी.
परवा रात्री बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून दोन कप दूध गरम केलं आणि आम्ही तीन वाजेपर्यंत बसलो. काल साडेतीन तास सलग झोप लागली. सिस्टर, वजनकाटा आणलाय, रोज सकाळी बघून वहीत लिहितो.