मदत हवी आहे: जपानच्या शाळेबरोबर अजिंठ्यावर संयुक्त प्रकल्प, मुलांनी नेमकं काय मांडावं?

नमस्कार मंडळी,

मी अजिंठा लेण्यांजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला भूगोल आणि इंग्रजी शिकवते. जपानमधल्या वाकायामा प्रांतातल्या एका शाळेबरोबर यंदा आमचा संयुक्त प्रकल्प सुरू होतोय. विषय त्यांनीच सुचवला: 'आपल्या भागातला जागतिक वारसा आणि तो बघायला येणारी माणसं'. विषय मला मनापासून आवडला. पण तो मांडायचा कसा, यावरून शाळेत आणि पालकांमध्ये दोन मतं पडली आहेत, म्हणून इथे विचारते.

वाकायामाच का, तर महाराष्ट्र शासनाचा आणि त्या प्रांताचा २०१३ साली सहकार्याचा करार झालेला आहे. २०१५ मध्ये तिथल्या कोयासान या डोंगरावरच्या गावात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला, त्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच घरांत त्या गावाचं नाव आधीपासून माहीत आहे. त्याच डोंगरांतून कुमानो कोदो या जुन्या यात्रेच्या वाटा जातात. त्या २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या, आपला अजिंठा १९८३ मध्ये. त्यांची मुलं त्या वाटेवर आलेल्या पाहुण्यांना स्वतः माहिती सांगतात, आणि हे त्यांच्या शाळेच्या तासांतच बसवलेलं आहे.

आमच्या मुलांना पर्यटन वेगळं शिकवावं लागत नाही. कुणाचे वडील फर्दापूरच्या टी पॉइंटवर स्फटिक, माळा, पोस्टकार्डं विकतात, कुणाचा काका गाईड आहे, कुणाची आई हॉटेलात भाकऱ्या थापते. खासगी गाडी टी पॉइंटलाच लावायची, पुढचे चार किलोमीटर बसने जायचं, सोमवारी लेणी बंद, पावसाळ्यात सातकुंडाचा धबधबा बघायला झुंबड, हे त्यांना तोंडपाठ असतं. सोमवारी घरात काय शिजतं आणि दिवाळीच्या सुट्टीत काय शिजतं, यातला फरकही त्यांना कळतो.

ओळखीच्या व्हिडिओ कॉलला आठवीतल्या एका मुलाने खिशातून मुठीएवढा दगड काढला. बाहेरून मातकट, कुणी वाटेत बघितला तर लाथेने उडवेल असा. तो आधीच दोन भाग करून दोऱ्याने बांधलेला होता. त्याने दोरा सोडला, आतले पांढरे स्फटिक कॅमेऱ्यासमोर धरून सावकाश फिरवले आणि 'इची, नी, सान' करत दहापर्यंत जपानी आकडे म्हटले. वडिलांकडून ऐकून शिकलेले. पलीकडचा अख्खा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मला त्या पोराचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी काही पालक भेटायला आले. "मॅडम, आमची पोरं शाळा सोडून दगड विकतात असं वाटेल ना त्यांना." त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. पोरांनी शिकून या धंद्याबाहेर पडावं म्हणूनच ते उन्हातान्हात उभे राहतात. शाळेतल्या सहकाऱ्यांनी मग सुचवलं की नऊवारी, लेझीम, पुरणपोळी दाखवू, छान होईल. लेझीम जरूर करू, मुलांना आवडतं. पण तेवढंच केलं तर अजिंठ्याजवळच्या मुलांशी बोलण्याचं कारणच उरत नाही. लेझीम कुठलीही शाळा दाखवेल.

तर प्रश्न असे. आईवडिलांचा व्यवसाय सन्मानाने मांडायचा, पण मुलं कामाला जुंपलेली दिसू नयेत, हे कसं साधावं? अशा प्रकल्पात दोन्हीकडच्या मुलांना खरोखर एकत्र करता येईल असं काही आहे का, की एकाने दाखवायचं आणि दुसऱ्याने टाळ्या वाजवायच्या? आणि भाषेचं काय करावं? इंग्रजी दोन्हीकडे कच्चं आहे. त्यांच्या बाजूला इंग्रजी शिकवणारे एक शिक्षक सोडले तर बोलणं पुढे सरकत नाही.

प्रतिसाद

ताई, मी पुण्यात जपानी शिकवते. भाषेचं आधी सांगते. थेट कॉलवर फार भिस्त ठेवू नका. मुलांनी मराठीत बोलून दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ करावेत आणि खाली जपानी ओळी टाकाव्यात. स्वतःच्या भाषेत बोलताना मुलं खुलतात. पुण्यात जपानी शिकणारे विद्यार्थी भरपूर आहेत, त्यांना असा सराव हवाच असतो. मी चार-पाच जणांना तयार करते, व्यक्तिगत निरोप पाठवा.

वेळ: जपान आपल्यापुढे साडेतीन तास. आपल्या सकाळच्या साडेदहाला तिकडे दुपारचे दोन, म्हणजे शाळा चालू. त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर सुट्टी असते. आपली शाळा जूनच्या मध्यावर उघडते. त्यामुळे पहिला टप्पा जुलैच्या मध्यापर्यंत उरका, पुढचा सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत ठेवा.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. तिथल्या सरकारी शाळांत शिक्षकांच्या बदल्या ठरावीक वर्षांनी होतात, बहुतेक एप्रिलमध्ये. तुमचा सगळा व्यवहार एकाच शिक्षकाशी असेल तर ते गेले की प्रकल्प संपला. आत्ताच मुख्याध्यापकांना आणि आणखी एखाद्या शिक्षकाला पत्रव्यवहारात घ्या. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो कुठेही टाकण्याआधी लेखी विचारा, याबाबत त्या शाळा फार काटेकोर असतात. आपणही पालकांची सही घ्यावीच.

प्रतिसाद

विज्ञान शिकवतो, म्हणून माझं डोकं तिकडेच चालतं. चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं का सोडतात, फ्लॅश का चालत नाही, हे मुलांना करून दाखवा. भिंतीवर लावायचा साधा आर्द्रतामापक आणा. वर्गाची दारं-खिडक्या थोडा वेळ बंद ठेवा, सगळी मुलं आत, आणि आकडा कसा चढतो ते मुलांनाच लिहू द्या. मग सांगा की पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दीड हजार वर्षांचा आहे आणि त्याच्यासमोर रोज किती माणसं श्वास सोडतात. जपानच्या मुलांनी हाच प्रयोग त्यांच्या वर्गात करावा, दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. त्यांच्याकडे पावसाने वाहून गेलेली यात्रेची वाट स्वयंसेवक माती टाकून दुरुस्त करतात. त्यांची मुलं ते मांडतील. गर्दी आणि वारसा हा दोघांचाही प्रश्न आहे, त्यावर दोघांना सारखंच बोलता येईल.

प्रतिसाद

दगडाबद्दल लिहायचं राहवलं नाही. तो मुलगा विकत नव्हता, दाखवत होता. त्याच्या वडिलांनाच वर्गात पाहुणे म्हणून बोलवा. दगड कुठून येतो, फोडताना हात कसा धरायचा, बेसॉल्टच्या पोकळीत स्फटिक कसे धरतात, हे त्यांनी सांगावं आणि मुलांनी प्रश्न विचारत मुलाखत घ्यावी. माहिती देणारे वडील, विचारणारी मुलं, असं चित्र दिसलं की कुणी वेगळा अर्थ काढणार नाही. आणि यात्रेच्या वाटा आहेत तर वारी घ्याच. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघते, तुमच्यापासून लांब नाही. आषाढी जून-जुलैत येते, म्हणजे बहुतेक वेळा वरच्या ताईंनी सांगितलेल्या पहिल्याच टप्प्यात.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. मुलाखतीची कल्पना आज त्या वडिलांना सांगितली. आधी म्हणाले, "मला काय बोलता येणार, मॅडम." मग कुठला दगड आणू आणि कुठला नको, यावरच बराच वेळ बोलत राहिले. सोमवारी त्यांना सुट्टी असते, त्या दिवशी येतो म्हणाले. तक्रार घेऊन आलेल्या पालकांनाही त्या तासाला बसायला बोलावलं आहे.

आर्द्रतामापकाची सोय होईल. वारीसाठी पालखीबरोबर चालणारं आमच्या गावातलं कुणी मिळतंय का बघते. पुण्याच्या ताई, निरोप पाठवला आहे.

एक राहिलं. लेण्यांच्या आवारात मुलांचा व्हिडिओ करायचा झाल्यास पुरातत्त्व विभागाकडे अर्ज शाळेच्या पत्रावर चालतो, की शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पाठवावा लागतो? अलीकडे कुणी अशी परवानगी काढली असेल तर अर्जात काय लिहिलं तेवढं सांगा.