हेड उघडण्याआधी ऑइल कूलर बघा
भाऊ, डिझेल गाडीच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत कॉफीसारखा थर दिसला आणि मेकॅनिकने थेट हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्याखालचं सील) गेलं असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका. इंजिन थंड असताना डिपस्टिक, म्हणजे ऑइल तपासायची पट्टी, बघा. ऑइल स्वच्छ, पण कूलंटवर तवंग असेल तर आधी ऑइल कूलरवर, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणाऱ्या भागावर, संशय घ्या. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून तेच तिकडे शिरतं.

तवंग नसेल, बोटाला नुसता खरखरीत तांबूस गाळ लागला, तर तो बहुधा गंज. आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात टाकीतली पातळी उतरली की लोक बोअरचं पाणी ओततात. माझ्या रेडिएटरचं त्यानेच वाटोळं झालं, आत क्षारांचा थर बसला होता. कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा.