सशीण पिल्लांजवळ बसतच नाही, टाकून दिली का तिने? प्लीज लवकर सांगा

नागपुरी_चिऊ:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. चार महिन्यांपूर्वी बाजारातून दोन ससे आणले, विकणारा अगदी शपथेवर म्हणाला दोन्ही माद्या आहेत. परवा पहाटे त्यातली पांढरी (कापूस नाव आहे तिचं) स्वतःच्या पोटाचे केस तोंडाने उपटून कोपऱ्यात ढीग करत होती, आम्हाला वाटलं खरूज झाली की काय, आणि संध्याकाळी बघतो तर त्या केसांत काहीतरी वळवळतंय!! सहा पिल्लं. अंगावर केस नाही, डोळे बंद, लांबून बघितलं तर सोललेला उंदीर वाटावा. तेव्हापासून ही बाई त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीये, लांब पाय पसरून पडते आणि कोथिंबीर खाते. सासूबाई म्हणतात तू हात लावलास म्हणून टाकली तिने. आज सकाळी एक पिल्लू जाळीपाशी गार पडलेलं मिळालं, गेलं ते. पाच उरलीत. ड्रॉपरने गाईचं दूध देऊ का? पिंजरा गॅलरीत आहे आणि इथे ४२ चालू आहे.

फलटणचा_ससेवाला:
ताई आधी ड्रॉपर खाली ठेवा. सशीण मांजरीसारखी पिल्लांना कुशीत घेऊन बसत नाही, तिची जातच तशी आहे. रानात सतत बिळापाशी बसली तर कोल्ह्या-मुंगसाला पत्ता सापडेल ना. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुतेक रात्री नाहीतर पहाटे येते, तीन-चार मिनिटं उभ्या उभ्या पाजते आणि निघून जाते. तुम्हाला दिसणारच नाही ते. आता काय करा, सकाळी उठल्यावर एकेक पिल्लू हातात घेऊन पोट बघा. पोट गोल, टम्म असेल आणि पातळ कातडीतून आत पांढरा डाग दिसत असेल तर ते दूधच आहे, काळजी सोडा. कातडीला सुरकुत्या, पोट आत गेलेलं आणि हात लावला की उसळ्या मारतंय तर उपाशी आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर रोज एकाच वेळी वजन घ्या, जन्मताना साधारण ४० ते ६० ग्रॅम असतं, रोज थोडं तरी वाढलं पाहिजे. हात लावल्याने टाकत नाही हो, मी रोज लावतो, आधी तिच्याच गवतात हात चोळून घ्या म्हणजे अत्तर-साबणाचा वास जाईल, बास.
जाळीजवळचं पिल्लू बहुतेक पिता पिता सडाला लटकून बाहेर आलं असेल. मांजर पिल्लू तोंडात धरून परत आणते, सशीण नाही आणत, बाहेर पडलं की पडलं. म्हणून खोका पाहिजे, दीड फूट लांब, एक फूट रुंद, पुढची बाजू सहा इंच ठेवा म्हणजे ती उडी मारून जाईल पण पिल्लू येणार नाही. खाली वाळकं गवत आणि तिने उपटलेले सगळे केस त्यातच भरा, एक केस फेकू नका.

कोल्हापुरी_रस्सा:
ड्रॉपरचं माझ्याकडून ऐका. तीन वर्षांपूर्वी मी हेच केलं, आई पाजत नाही समजून गाईचं दूध दिलं, दोन थेंब जास्त गेले आणि नाकातून बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी दोन्ही गेली. नंतर डॉक्टर म्हणाले आई पाजतच होती, पोटं भरलेली होती. अजून आठवलं की कसंतरी होतं. आणि पिल्लू गार लागलं तर आधी हाताच्या ओंजळीत, अंगाशी धरून ऊब द्या, गार पिल्लाला काही पाजायचं नसतं, पचतच नाही त्यांना.

मिरजकर७४:
सगळे पिल्लांचं बोलताय, बाप कुठाय?? ताई दोन्ही माद्या असत्या तर पिल्लं आली कुठून 😂 दुसऱ्याला आत्ताच्या आत्ता वेगळा काढा. सशीण व्याल्यावर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते आणि ३१ दिवसांत पुढचं वेत तयार. दोन दिवस एकत्र होते म्हणजे... महिन्याभराने खोका रिकामा ठेवा एवढंच म्हणतो. त्याचं ऑपरेशन केलंत तरी पुढचे पाच-सहा आठवडे लांबच ठेवा, आमच्याकडे तिथेच गंमत झालेली.

फलटणचा_ससेवाला:
हे लिहायचं राहिलंच, बरोबर आहे. आणि ४२ मध्ये गॅलरी नको, घरात गार फरशीवर आणा. मादीजवळ बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, पिल्लांजवळ नको. पिल्लं एकमेकांपासून लांब पसरून पडली असतील तर उकडतंय समजा आणि वरचे थोडे केस बाजूला करा, एकावर एक चढली असतील तर गारठलीत. पाणी चोवीस तास भरपूर, पाण्याविना दूध नाही, त्यात आई बिथरली तर पिल्लं खातेसुद्धा. सध्या तिला लसूणघास मिळाला तर द्या. लाल मुंग्या असतील तर पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आमची अख्खी एक वेत मुंग्यांनी नेलीय.

नागपुरी_चिऊ:
सकाळी साडेपाचला उठून बघितलं, पाचही पोटं टम्म आणि तो पांढरा डाग खरंच दिसतो!! मोठं ५८ ग्रॅम, सगळ्यात बारकं ४१. सासूबाईंनाच दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत पण मघाशी मुंग्यांसाठी वाट्या त्यांनीच लावल्या. बोक्याला (म्हणजे दुसऱ्या "मादीला") बाथरूममध्ये ठेवलाय.

नागपुरी_चिऊ:
बारा दिवस झाले, चौघांचे डोळे उघडले, बारक्याचा एक चिकटलाय. ओढू का?

फलटणचा_ससेवाला:
ओढायचं नाही. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस (सशीण नव्हे 😄) बुडवून पापणीवर मिनिटभर ठेवा, मऊ झालं की आपोआप सुटतं. आत पू दिसला किंवा उद्यापर्यंत नाही उघडला तर डॉक्टरकडे. बारक्याचं वजन किती आता?

नागपुरी_चिऊ:
११६. उघडला डोळा, आणि उघडल्या उघडल्या खोक्याबाहेर उडी मारली त्याने 🙈