व्हीएमसाठी होस्ट कोणी निवडायचा, स्क्रिप्टने की माणसाने?

विक्रोळीकर:
आमच्या टीममध्ये आठवडाभर यावरून वाद चाललाय, म्हणून इथे मांडतोय. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीचे 14 होस्ट आहेत, म्हणजे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) ज्यांवर चालतात ते सर्व्हर. सगळे व्हर्च्युअल मशीन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्याच व्यवस्थापन सॉफ्टवेअरखाली. नवीन व्हीएमची मागणी आली की कन्सोल उघडायचा, मोकळी मेमरी डोळ्यांनी बघायची आणि होस्ट ठरवायचा, ही आमची पद्धत. ती बंद व्हावी असं माझं ठाम मत आहे.

पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड आणि स्क्रिप्ट लिहायची भाषा) गेट-एससीव्हीएमहोस्टरेटिंग ही मॅनेजरची कमांड नेमकी याच कामासाठी आहे. हार्डवेअर प्रोफाइल (व्हीएमला किती सीपीयू, मेमरी हवी ते), डिस्क किती जीबी लागेल, होस्टचा कुठला गट वगैरे द्या, ती प्रत्येक होस्टला 0 ते 5 गुण देते. 0 आला तर का आला तेही सांगते. डोळ्यांनी बघणारा 14 होस्टचं सीपीयू, डिस्क, नेटवर्क सगळं तपासतो का? नाही तपासत.

गेल्या पावसाळ्यात कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं आणि आमचे सिनियर तीन तास लोकलमध्ये अडकले. फोन लागेना. कुठल्या होस्टवर काय टाकायचं ते फक्त त्यांच्या डोक्यात. आम्ही नुसते बसून राहिलो.

रात्रपाळी:
सहमत नाही. आमच्याकडे एका होस्टवर मेमरी एरर येत होते, पार्ट मागवलेला होता. त्यावर म्हणून आम्ही कमी व्हीएम ठेवल्या. साहजिकच तोच सगळ्यात मोकळा, म्हणून स्क्रिप्टने त्यालाच पहिला नंबर दिला. नव्या मुलाने यादीतला पहिला उचलला, पहाटे 4 ला होस्ट पडला. मोकळा का आहे, हे स्क्रिप्ट विचारत नाही. माणूस विचारतो.

विक्रोळीकर:
पण त्या नव्या मुलाला ते कोणी सांगितलं होतं? होस्टला कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे आपली स्वतःची खूण, लावता येते, व्हीएम कुठे ठेवायची याचे नियम त्यावर चालतात. नाहीतर होस्ट सरळ मेंटेनन्स मोडला, म्हणजे दुरुस्तीसाठी बाजूला, टाका. माहिती तोंडी राहिली, चूक तिथे झाली.

एसक्यूएलवाली:
दोघांनाही सांगते, माझं दुखणं वेगळंच आहे. एका स्क्रिप्टने एकदम आठ व्हीएम बनवल्या. होस्टचे गुण, म्हणजे रेटिंग, लूपच्या (प्रत्येक व्हीएमसाठी पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) बाहेर एकदाच काढलेलं, त्यामुळे आठही एकाच होस्टवर जाऊन बसल्या. त्यात माझ्या एसक्यूएल डेटाबेसच्या क्लस्टरचे दोन्ही नोड, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं अशा जोडीच्या व्हीएम! होस्ट गेला असता तर दोन्ही एकदम गेले असते, मग क्लस्टर कशासाठी बांधला? रेटिंग प्रत्येक व्हीएमसाठी नव्याने काढा, तेही आधीची व्हीएम बनवायचं काम पूर्ण झाल्यावर. आणि असे जोडीचे नोड अव्हेलेबिलिटी सेट या मॅनेजरमधल्या गटात घाला, म्हणजे मॅनेजर त्यांना शक्यतो वेगळ्या होस्टवर ठेवतो.

रात्रपाळी:
हे पटलं. पण डायनॅमिक मेमरीचं, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त होणाऱ्या मेमरीचं, काय? दुपारी 3 ला प्रत्येक व्हीएम थोडीच मेमरी धरून असते, होस्ट मोकळे दिसतात. महिनाअखेरीला रात्री हिशेबाची मोठी कामं (बॅच) सुरू झाली की सगळ्या एकदम मागतात. ती रात्र मी बसून काढलेली आहे.

विक्रोळीकर:
हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. आमच्या स्क्रिप्टमध्ये आता सध्याच्या वापराऐवजी प्रत्येक व्हीएमची कमाल मेमरी जोडून बघतो, आणि एक होस्ट पडला तरी भागावं म्हणून एका होस्टइतकी जागा सगळ्या होस्टमध्ये मिळून राखीव धरतो. शेवटी पहिली तीन नावं कारणांसकट छापायची, एंटर माणसाने दाबायचं. एवढ्यावर तुम्ही तयार आहात का?

रात्रपाळी:
तीन नावं आणि कारणं दिसणार असतील तर हो. पण आपोआप व्हीएम बनवणारी ओळ काढून टाका.