पाच दिवस उभी राहिली की गाडी सेल्फ घेत नाही: बॅटरी, कॉइल की आर-आर?

कास_पठार

नमस्कार मंडळी. गाडी म्हणजे बाइक, २०१९ची, सिंगल सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, ४०० सीसीच्या आसपासची. किक नाही. रनिंग ४६ हजार. बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची सीलबंद, १४ महिन्यांपूर्वी बदललेली. वरून जोडलेल्या वस्तू दोनच: २० वॉटचे दोन एलईडी फॉग लॅम्प आणि हँडलवरचा यूएसबी चार्जर.

लक्षणं अशी. रोज चालवली तर काही तक्रार नाही. चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसती टक-टक होते. दुसऱ्या बॅटरीवरून जंप दिला की लगेच चालू. रात्री फॉग लॅम्प लावून चालताना हॉर्न वाजवला की मीटरचा उजेड मंदावतो, आणि एकदा एबीएसचा दिवा लागून गेला. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की बॅटरी, मॅग्नेटची (वीज तयार करणारी) कॉइल आणि आर-आर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलची एसी वीज डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) तिन्ही बदला.

तीन आठवड्यांनी सातारा-बदामी-हंपी असा दौरा आहे. घरी डिजिटल मल्टीमीटर, सॉकेट सेट आणि अ‍ॅलन-कीचा संच आहे. तपासणी कुठल्या क्रमाने करावी? आणि कारचा चार्जर या बॅटरीला चालेल का?

पाना_दहा_बारा

तिन्ही एकदम बदलू नका. या तीन वस्तूंपैकी प्रत्येकीचा दोष मीटरवर वेगळा दिसतो, आणि चौथी शक्यता, म्हणजे मधल्या वायरी आणि कपलर (वायरी जोडणारे प्लग), सल्ल्यात आलेलीच नाही.

चार्जरचं आधी. ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ०.८ अँपिअरने चार्जिंग द्यायचं. कारचा ४-५ अँपिअरचा चार्जर ही बॅटरी तापवतो, आणि सीलबंद बॅटरीतून उडालेलं पाणी परत भरता येत नाही. दुचाकीसाठीचा, आपोआप थांबणारा छोटा चार्जर घ्या. त्यात ‘रिपेअर’ मोड असेल तर बॅटरी गाडीला जोडलेली असताना तो लावू नका. त्या मोडमध्ये काही चार्जर १५-१६ व्होल्टपर्यंत जातात, ते ईसीयूसाठी (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरसाठी) चांगलं नाही.

आता क्रम.

पहिलं काम मीटर न लावता. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल बोल्ट हाताने हलवून पाहा. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर काढून पॉलिश पेपरने घासा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडायचं, लावताना आधी पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना चेसीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो.

दुसरं, उभ्या बॅटरीचा व्होल्टेज. गाडी बंद करून रात्रभर थांबा आणि सकाळी चावी न लावता मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे अंदाजे पाऊण, १२.० च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चालवून आल्या आल्या मोजलं तर आकडा फसवा चढा येतो.

तिसरं, सेल्फ मारताना. मीटर बॅटरीवर ठेवून दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. १० च्या वर राहिला तर बॅटरीत दम आहे. भरलेली असूनही ९.५ च्या खाली गेला तर बॅटरी संपली.

चौथं, चावी बंद असताना होणारी गळती. निगेटिव्ह वायर सोडा आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात. मिलिअँपिअरच्या भोकात आधीच लावली तर आतला छोटा फ्यूज उडू शकतो. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच नको. आणि मोजून झालं की लाल प्रोब आठवणीने परत व्होल्टच्या भोकात घाला. ती अँपिअरच्याच भोकात राहिली आणि पुढचा व्होल्टेज मोजायला बॅटरीला टेकवली, तर मीटरमधूनच शॉर्ट होतो. घरच्या तपासणीत मीटर जळतात ते बहुधा इथेच.

कंपनीच्या वायरिंगची गळती साधारण एक-दोन मिलिअँपिअर असते. त्याहून बरीच जास्त आली तर एकेक फ्यूज आणि जोडलेली वस्तू काढत जा. जिथे आकडा धाडकन खाली येईल तिथे चोर.

पाचवं, चार्जिंग. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, पाच मिनिटं गरम केलेली. बॅटरीवर मीटर ठेवून ५ हजार आरपीएमला आकडा घ्या, एकदा फॉग लॅम्प बंद ठेवून आणि एकदा चालू करून. १३.८ ते १४.५ हवा. आयडलला आकडा कमी दिसला तर घाबरू नका. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत हेडलाइट इंजिनसोबत सतत चालूच असतो, आणि आयडलला कॉइलची ताकद कमीच असते.

एक पक्कं लक्षात ठेवा: चालू इंजिनवर बॅटरीची वायर कधीही सोडायची नाही. बॅटरी हा व्होल्टेजचा गादीसारखा आधार आहे. तो गेला की आर-आरमधला झटका थेट ईसीयूवर जातो.

तीन_पिवळ्या_वायरी

वरच्या क्रमाला माझी पूर्ण सहमती. कॉइल आणि आर-आरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच वाया जातात.

इंजिनमधून येणाऱ्या तीन वायरी, बहुतेक गाड्यांत तिन्ही पिवळ्या, स्टेटरच्या म्हणजे मॅग्नेट कॉइलच्या. इंजिन बंद असताना त्यांचा आर-आरकडचा कपलर सोडा. मीटर एसी व्होल्टवर २०० च्या रेंजला ठेवा. गाडी चालू करून ५ हजार आरपीएमला तीन जोड्या मोजा: १-२, २-३, १-३. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, साधारण ५० ते ७० व्होल्ट येतात. महत्त्वाचं हे की तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. ६०, ६०, ३५ असं आलं तर कॉइल जळायला लागली आहे. हे व्होल्ट अंगाला जाणवतील इतके असतात, म्हणून उघड्या पिनांना हात लावू नका आणि अर्ध्या मिनिटात आटपा.

नंतर इंजिन बंद करून प्रत्येक पिवळ्या वायरीचा चेसीशी संबंध तपासा. मीटर बीप झाला तर कॉइलचं वार्निश जळून ती इंजिनला टेकली आहे. वायरी-वायरींमधला रोध (रेझिस्टन्स) मोजून मात्र फार निष्कर्ष काढू नका. तो एक ओमच्या आतबाहेर असतो आणि स्वस्त मीटरच्या प्रोबाच स्वतः ०.२-०.३ ओम दाखवतात. तिन्ही सारखे आहेत ना, एवढंच पाहा.

एक समजूत दुरुस्त करावीशी वाटते: ‘फॉग लॅम्प बंद ठेवले की कॉइल वाचते.’ शंट प्रकारच्या आर-आरमध्ये तसं होत नाही. तो जास्तीची वीज अर्थला शॉर्ट करून जिरवतो. म्हणजे लाइट बंद असले तरी कॉइल जवळपास पूर्ण प्रवाहच देत असते, फक्त तो प्रवाह दिव्यात न जाता आर-आरमध्ये उष्णता होऊन जातो. त्यामुळे आर-आरच्या पंखांवर चिखल बसू देऊ नका, आणि त्याला वारा लागेल अशीच जागा ठेवा. सॅडलबॅगच्या फ्रेमसाठी आर-आर आत सरकवलेला दिसतो, ते नुकसानीचं आहे.

आता सगळ्यांत उपयोगी चाचणी, जी गॅरेजमध्ये क्वचित होते. इंजिन चालू, ५ हजार आरपीएम, फॉग लॅम्प चालू. मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब आर-आरमधून बाहेर पडणाऱ्या पॉझिटिव्ह वायरीवर, कपलरच्या मागून सुई घालून. काळी प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन्ही टोकं पॉझिटिव्हच आहेत, तेव्हा मीटर दाखवेल तो मधल्या रस्त्यात खाल्लेला व्होल्टेज. तसंच आर-आरची निगेटिव्ह वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये. प्रत्येक बाजूला ०.२ च्या आत हवा. जास्त आला तर वस्तू ठीक, रस्ता खराब.

कास_पठार

आकडे घेतले.

रात्रभरानंतर १२.३१. चार्जरवर पूर्ण भरून, गाडीबाहेर २४ तास ठेवल्यावर १२.६८. सेल्फ मारताना १०.४.
चावी बंद असताना गळती ३८ मिलिअँपिअर.
५ हजारला बॅटरीवर: फॉग लॅम्प बंद १३.५, चालू १३.२.
कॉइल: ६२, ६१, ६२ एसी. चेसीशी संबंध नाही.
आर-आर ते बॅटरी, फॉग लॅम्प चालू: पॉझिटिव्ह बाजू ०.५५, निगेटिव्ह बाजू ०.४०.

१३.२ म्हणजे आर-आर गेलं असंच ना?

तीन_पिवळ्या_वायरी

नाही, आणि ते तुमच्याच आकड्यांत आहे. बेरीज करा: १३.२ + ०.५५ + ०.४० = १४.१५. आर-आर आपल्या दाराशी १४.१५ व्होल्ट देतंय, म्हणजे त्याचं काम बरोबर चालू आहे. जवळजवळ एक व्होल्ट बॅटरीपर्यंत पोचण्याआधीच संपतोय. कॉइलचे तिन्ही आकडे सारखे आहेत, तीही निरोगी. नवीन आर-आर बसवलं असतं तर कपलर काढून लावताना पिना घासल्या जाऊन महिनाभर सुधारणा दिसली असती, आणि मग पुन्हा तेच.

पॉझिटिव्ह बाजूला आर-आरचा कपलर आणि मेन फ्यूजचा होल्डर उघडा. तपकिरी पडलेलं प्लास्टिक, निळसर-काळी पिन, कडक झालेली वायर, यांपैकी काहीतरी सापडेल. सैल पिनेत रोध वाढतो, रोधाने ती तापते, तापल्याने पिनेची पकड आणखी ढिली होते. म्हणून हा दोष एकदा सुरू झाला की वाढतच जातो. काळवंडलेली पिन घासून परत बसवू नका. जळलेला भाग चांगल्या लखलखीत तांब्यापर्यंत कापा आणि नवीन टर्मिनल क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. फक्त सोल्डर नको: सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा तुकडा कडक होतो आणि सिंगल सिलिंडरच्या थरथराटाने त्याच्या कडेला वायर तुटते. वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

निगेटिव्ह बाजूला चेसीवरचा अर्थिंग बोल्ट. तो काढून खालचा रंग आणि गंज धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि मगच वरून व्हॅसलीन लावा. आधी लावलं तर मध्ये थर राहतो.

पाना_दहा_बारा

गळतीचं मी सांगतो. ३८ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.९ अँपिअर-अवर. पाच दिवसांत साडेचार, म्हणजे ८ च्या बॅटरीतला निम्म्याहून जास्त साठा. त्यात १३.२ व्होल्टवर ती कधी पूर्ण भरतच नव्हती. दोन छोटे दोष एकमेकांना जोडले गेले म्हणून पाच दिवसांत टक-टक. एका रात्रीत जेमतेम अर्धा अँपिअर-अवर जातो, म्हणून रोज चालवताना काही जाणवत नाही.

संशयित यूएसबी चार्जर. काही जोडलेलं नसलं तरी त्यातलं सर्किट जागं असतं, आणि तो सरळ बॅटरीवर जोडलेला असावा. त्याची वायर सोडून गळती पुन्हा मोजा. खात्री झाली की चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) टाका. ३० नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह, ८७ वरून यूएसबी आणि फॉग लॅम्पच्या स्विचकडे, ८५ अर्थला, ८६ ला पार्किंग लाइटची किंवा चावी लावल्यावर जिवंत होणारी दुसरी वायर. चावी काढली की सगळं मेलं.

हिशोब असा: फॉग लॅम्प ४० वॉट म्हणजे ३ अँपिअर, यूएसबी १८ वॉटचा धरला तर दीड. एकूण साडेचार. १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि ७.५ अँपिअरचा फ्यूज पुरे. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो लॅम्पजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. वायर हँडलच्या मानेजवळून नेताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण बघा. तिथेच वायरी सोलल्या जातात.

बॅटरी बदलू नका. भरल्यावर २४ तासांनी १२.६८ आणि सेल्फला १०.४ ही चांगली बॅटरी आहे.

घाटरस्ता

दोन गोष्टी जोडतो. वाटेत बॅटरी बसलीच तर ढकलून चालू करण्याआधी चावी लावून पेट्रोल पंपाचा ‘घूं’ असा आवाज ऐका. तो आला तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकला, कारण पहिल्यात मागचं चाक लॉक होऊन घसरतं. आवाजच नाही आला तर ढकलणं व्यर्थ, इंजेक्शनच्या गाडीला पंप आणि ईसीयू जागे व्हायला व्होल्टेज लागतोच. कारवरून जंप घेताना कारचं इंजिन बंद ठेवा. लाल केबल आधी, आणि काळी शेवटी बाइकच्या इंजिनच्या उघड्या धातूवर.

दुसरं, धुण्याचं. सर्व्हिस सेंटरवाल्यांना प्रेशरचा पाइप सीटखाली आणि आर-आरच्या कपलरवर मारू देऊ नका. कपलरचं रबर पावसाचं पाणी अडवतं, प्रेशरचं नाही. दुरुस्त केलेल्या कपलरमध्ये थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा, कोकणात खाऱ्या हवेत गाडी जात असेल तर नक्कीच.

कास_पठार

मेन फ्यूजच्या होल्डरची एक पिन निळी-काळी निघाली, होल्डरच बदलला. अर्थिंग बोल्टखाली पावडर कोटिंगचा थर होता, तो घासला. रिले बसवला. नवे आकडे, फॉग लॅम्प चालू ठेवून: पॉझिटिव्ह ०.०८, निगेटिव्ह ०.०५, बॅटरीवर १४.०. गळती १.२ मिलिअँपिअर. ही उरलेली गळती शोधू का?

पाना_दहा_बारा

नको, ती घड्याळाची आणि ईसीयूच्या मेमरीची. महिन्याला ०.९ अँपिअर-अवरसुद्धा होत नाही. निघायच्या आदल्या दिवशी, तासभर चालवून आल्यावर फ्यूज होल्डरला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर क्रिम्प पुन्हा करा. सोबत ७.५ चे आणि मेनच्या मापाचे दोन-दोन फ्यूज, एक रिले, मीटरभर वायर आणि चार क्रिम्प टर्मिनल ठेवा. बदामी-हंपीच्या मधल्या गावांत फ्यूज मिळेल, पण तुमच्या होल्डरच्या मापाचं टर्मिनल मिळेलच असं नाही.