'बस महामंडळाची, गेम इंडोनेशियाचा, मग मॉड तुझा कसा?'

दापोडीकर: वरचं वाक्य काल एकाने मला ऐकवलं. पुढे 'फुकट घ्या, फुकट वाटा' हा सल्लाही दिला. डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो. बुसिड म्हणजे 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा मोबाइल गेम. त्यात घालायला परिवर्तन लालपरीचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्याने स्वतः बनवलेली बस, करायला मला चार महिने लागले. मागच्या शिडीचे फोटो काढायला दोन रविवार स्वारगेटला उभा होतो. वडील एसटीत चालक होते, त्यांचा बिल्ला क्रमांक ड्रायव्हरच्या दारावर बारीक अक्षरांत घातला. तीन आठवड्यांत तीच बस एका चॅनलवर 'आमची नवी एसटी' म्हणून आली. माझं नाव पुसलं, एमएच १४ ची पाटी एमएच २० केली. बिल्ला क्रमांक मात्र तसाच! आता माझी फाइल पासवर्डशिवाय मिळणार नाही.

मोकळा_रस्ता: पासवर्डने चोर थांबत नाही. व्हिडिओत मधेच दाखवता तो पाच मिनिटांत सगळीकडे फिरतो. अडकतो तो घरच्यांचा मोबाइल तासभर मिळणारा सातवीतला पोरगा. वॉरक्राफ्ट ३ या गेमचा एक मॅप मूळ माणसाने सोडला, दुसऱ्यांनी उचलून वाढवला, त्यातून डोटा हा गेम उभा राहिला. तिथे कुलूप असतं तर?

दापोडीकर: त्यांनी वर्षानुवर्षं भर घातली. इथे एक खिळासुद्धा बदललेला नाही.

चिकलठाणा_२०: पाटी बदलली तर एवढं काय बिघडलं? पुण्याकडच्यांना दापोडी वर्कशॉपची गाडी म्हणजेच एसटी वाटते. मराठवाड्याच्या गाडीचा एक धड मॉड दाखवा. माझ्या काकांची नोकरी चिकलठाणा वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकण्यात गेली.

हिंगणा_जलद: आणि आमची एमएच ४०? तिसरं वर्कशॉप नागपूरजवळ आहे, हे दोघांनाही आठवलं नाही. विदर्भ नेहमी शेवटच्या सीटवर.

दापोडीकर: अरे, बॉडी जिथे बांधली तिथली पाटी. गाडी उद्या नांदेड आगाराला दिली तरी पाटी एमएच १४ च राहते. दापोडीच्या बॉडीवर एमएच २० लावणं म्हणजे तुझ्या काकांच्या नावावर दुसऱ्याचं काम खपवणं. चालेल तुला?

चिकलठाणा_२०: काकांना स्क्रीनशॉट दाखवला. 'ही आपली नाही' म्हणाले. पाटी चुकीची आहे, मान्य. मराठवाड्याचं बोललो ते मागे घेत नाही.

रंगारीण: पाट्या पुरे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, काम केलं की हक्क तयार. लेखी तक्रार गेली की साइटला ३६ तासांत मजकूर अडवावा लागतो. पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. फुकट मॉडसाठी वकील कोण लावणार? माझ्या तीन लिव्हऱ्या, म्हणजे बसवर चढवायचे रंग-नक्षीचे डिझाइन, अशाच गेल्या, मी रंगवणंच सोडलं. आणि दापोडीकर, टायर तुम्ही बनवलेत?

दापोडीकर: नाही. टायर आणि सीट एका खुल्या मॉडेलमधून घेतले, नाव देण्याच्या अटीवर.

रंगारीण: पहिल्या आवृत्तीत ते नाव नव्हतं. मी उतरवली होती.

दापोडीकर: नव्हतं. चुकलं माझं. आत्ता घातलं.

मोकळा_रस्ता: म्हणजे भांडण नावाचं आहे, कुलपाचं नाही. मग पासवर्ड काढ.

दापोडीकर: काढणार नाही. नाव पुसणाऱ्याला तू एकदा तरी जाब विचारलास का? फुकट वाटायला माझी ना नव्हतीच, चार महिने फुकटच राबलो. लिव्हरीची कोरी टेम्पलेट खुली करतो, ज्याला जी रंगवायची ती रंगवा. बस बंद राहील. वडिलांचा बिल्ला असलेलं दार मी कोणाला देणार नाही.

मोकळा_रस्ता: शेवटी पोरांना बस मिळणार नाहीच. मला हे पटलेलं नाही.

हिंगणा_जलद: टेम्पलेट कधी टाकतोस ते सांग. आणि मागची शिडी दिसेल अशी दे.