मैदानातला अभिप्राय : कान कोणाचे आणि उभे कुठे?

मिक्सरमागचा :
मैदानावर झालेल्या दोन दिवसांच्या संगीत महोत्सवाबद्दल 'कानसेन' यांनी काल जे लिहिले, ते वाचून, तिथे आवाजाचा मिक्सर सांभाळणाऱ्या मला गप्प बसवले नाही. दुपारचा बासरीवादक बेसूर होता, ड्रमवादक सतत मागे पडत होता आणि रात्रीच्या शेवटच्या गायिकेने 'बाकी सर्वांना गाणे म्हणजे काय ते दाखवले', असे त्यांचे म्हणणे आहे. आपण मंचापासून किती लांब उभे होतो, याचा मात्र त्यांनी उल्लेखही केलेला नाही. वीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्यामुळे सत्तर मीटरवरच्या माणसाला काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका साधारण 0.2 सेकंदाने ऐकू येतो. मागे पडलेला ड्रमवादक तो हाच.

बासरीचेही तसेच. उन्हाने बासरीतली हवा तापली की सूर चढतो, तर गिटारच्या तारा त्याच उन्हाने सैल पडून उतरतात. सकाळच्या साउंड चेकला नीट जुळलेली ही दोन वाद्ये दुपारी एकमेकांपासून फाकली, तर त्यात नवल ते काय? रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली, की आवाज खाली वळतो आणि मागच्यांपर्यंत चांगला पोचतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून तो वर निघून जातो. गायिका उत्तम गायली, यात शंका नाही. पण दुपारच्यांना तिच्याशी तोलणे हा अन्याय आहे.

कानसेन :
भौतिकशास्त्राच्या तासाबद्दल आभार. मी श्रोता म्हणून लिहिले होते, आणि जे माझ्या कानांपर्यंत आले तेच माझ्यासाठी गाणे होते. मागे उभ्या असलेल्या माणसाने तिकीट काढलेले नसते, असे आपल्याला वाटते काय? बासरी उन्हात चढते हे आपल्याला ठाऊक आहे, तर ती जन्मभर वाजवणाऱ्याला ठाऊक नसावे? फुंकीचे छिद्र ओठांकडे किंचित वळवून सूर उतरवता येतो आणि त्याने तो दुसऱ्या रचनेपासून उतरवलाही. पहिल्या रचनेची वीस मिनिटे आम्ही सोसली, ती कोणाच्या खात्यावर मांडायची? शंका असेल, तर माझ्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण आहे.

उभा श्रोता :
म्हणजे मोबाइल उंचावून उभे राहणाऱ्यांपैकी आपणही एक! मूळ विषय बाजूला ठेवून मी हे लिहितो आहे, याची मला कल्पना आहे, पण आता बोलतोच. माझे शहात्तर वर्षांचे वडील त्या रात्री काठीच्या आधाराने दोन तास उभे होते. गायिकेने साथ थांबवून शेवटचा आलाप घेतला, तेव्हा आमच्या पुढच्या गृहस्थांनी हात वर केला आणि वडिलांना ती दिसली, ती त्यांच्या पडद्यावर, नखाएवढी. त्यावर ते गृहस्थ अंगठ्याने उजेड कमी-जास्त करत बसले. आलाप संपल्यावर त्यांनी टाळीसुद्धा वाजवली नाही, कारण हात मोकळे नव्हते.

कोमल निषाद :
राग समजतो, पण मुद्रणे नसती तर आपण बोललो कशावर असतो? अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वाजवायला उभा राहिला तो 18 ऑगस्ट 1969 च्या सोमवारी सकाळी, आणि तोवर बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. त्याचे ते वादन जगाला ठाऊक आहे ते त्या महोत्सवावरच्या चित्रपटामुळे आणि ध्वनिमुद्रणांमुळे. त्याच महोत्सवात पहिल्या रात्री पावसात सतार वाजवलेल्या रविशंकरांना मात्र तो अनुभव मुळीच रुचला नव्हता, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे.

उभा श्रोता :
तिथे कॅमेरा घेऊन उभे असलेले लोक त्यांचे काम करत होते. माझ्या पुढचे गृहस्थ कोणाचे काम करत होते? त्या चित्रफिती पुन्हा कोणी पाहत नाही, हे आपणही जाणता.

कानसेन :
माझा मोबाइल पूर्ण वेळ शर्टाच्या खिशात होता. न पाहता आरोप करण्याची ही सवय आपण वडिलांकडून तर घेतलेली नसणार.

उभा श्रोता :
वडिलांना मध्ये आणण्याचे कारण नव्हते.

कानसेन :
त्यांना मध्ये आपणच आणलेत. तरीही ते वाक्य मी मागे घेतो.

मिक्सरमागचा :
खिशात! कापडाआडून, मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या इवल्या माइकवर घेतलेल्या मुद्रणाच्या आधारे आपण एका कलावंताला बेसूर ठरवलेत? 25 जुलै 1965 ला अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायक बॉब डिलनने साध्या गिटारीऐवजी इलेक्ट्रिक गिटार घेतली तेव्हा झालेली हुर्यो गिटारीविरुद्ध होती, खराब आवाजाविरुद्ध होती की कार्यक्रम लवकर आटोपल्याबद्दल होती, यावर तिथे हजर असलेल्यांचेही एकमत झालेले नाही. आपण मात्र खिशातून निकाल दिलात.

कानसेन :
ठीक आहे. मी मंचाच्या डावीकडे, शेवटच्या खांबापाशी होतो. ड्रमवादकाबद्दलचा शेरा त्या अंतराच्या हिशेबात आपण खुशाल वजा करावा. बासरीचा मात्र करू नये, कारण तेव्हा मी पुढे, दुसऱ्या रांगेत होतो आणि शेजारचे गृहस्थही कानांवर हात ठेवून बसले होते.

मिक्सरमागचा :
दुसऱ्या रांगेत ते स्पीकरच्या थेट समोर असणार. पण असो, पहिली रचना चढी होती, हे मलाही मिक्सरवर जाणवले होते.

उभा श्रोता :
म्हणजे मोबाइलबद्दल कोणीच काही बोलणार नाही तर.